मेमरीचा सामायिक साठा छोटाच बरा

क्लाऊड कंपनी भाड्याने देते तो सर्व्हरचा एक तुकडा: काही प्रोसेसर कोअर आणि सोबत थोडी मेमरी. सगळे कोअर भाड्याने गेले की उरलेली मेमरी कुणालाच देता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेवरील २०२३च्या अभ्यासात अशी अडकून पडलेली मेमरी २५ टक्क्यांपर्यंत आढळली. सर्व्हरच्या खर्चात मेमरीचा वाटा निम्म्यापर्यंत जात असताना ही उधळपट्टीच.

उपाय आहे सामायिक साठ्याचा. लागेल त्या सर्व्हरने मेमरी घ्यावी, काम संपले की सोडावी. २०१९ मध्ये आलेल्या ‘सीएक्सएल’ जोडणीने ही वाट मोकळी केली. पण लांबची मेमरी ती लांबचीच. छोट्या साठ्यातही दर खेपेला ७० ते ९० नॅनोसेकंद जास्त मोडतात. काही प्रोग्रॅमना त्याचे काहीच वाटत नाही, काही चांगलेच रेंगाळतात. शिवाय साठा बिघडला, तर त्यावर विसंबलेले सगळेच सर्व्हर एकदम अडचणीत.

म्हणून अख्ख्या डेटा सेंटरचा एकच साठा करण्याचा मोह नको. ८ ते १६ प्रोसेसरांपुरत्या साठ्यातूनच बहुतेक फायदा पदरात पडतो, असे हाच अभ्यास सांगतो. मेमरीचा खर्च सुमारे ७ टक्के घटतो. आकडा लहान दिसतो, पण हजारो सर्व्हरांच्या हिशेबात तो लहान राहत नाही.

कुणाला किती लांबची मेमरी द्यायची, हे त्या रचनेत मशीन लर्निंगच्या अंदाजावर ठरते. अंदाज चुकूही शकतो. रुग्णालयाच्या नोंदी ज्या यंत्रावर चालतात, त्याची मेमरी जवळची की लांबची, हे भाडेकरारात लिहिलेले असायला हवे.