रंगखडूंचे गोत्र विचारा!

विजयादशमीला पाटीवर सरस्वती रेखून तिचे पूजन करणारा आपला समाज विद्येच्या साधनांतही देवत्व पाहतो. मात्र त्याच घरातील बालकाच्या मुठीतला रंगीत खडू कोठे घडला, कशाचा घडला, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. डबीवर ‘बिनविषारी’ एवढे छापले की पालक निर्धास्त!

ही निर्धास्तता कशाच्या आधारावर? मेणखडू म्हणजे मेण, रंगद्रव्य आणि भरणद्रव्य. पिवळ्या-नारिंगी छटांसाठी शिशाचे क्रोमेट हा स्वस्तातला मार्ग. आणि भरणद्रव्य म्हणून वापरले जाणारे शंखजिरे ज्या खडकातून निघते, त्यात अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकते. कायम टिकणाऱ्या शाईच्या काही मार्करांत झायलीनसारखी उग्र द्रावके असतात. शिसे बालकाच्या मेंदूवरच घाला घालते. त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना बजावते.

ही भीती काल्पनिक नव्हे. १९९४ साली चीनमधून आलेले खडू शिशापायी अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. २००० साली खुद्द अमेरिकेतील नामांकित खडूंत अ‍ॅस्बेस्टॉसचे अंश सापडले. धोका अत्यल्प असल्याचा निर्वाळा तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने दिला, तरीही उत्पादकांनी शंखजिरे वगळण्याचे मान्य केले. २०१५ मध्ये तेथेच तपासलेल्या २८ पेट्यांपैकी ४ पेट्यांत पुन्हा तेच आढळले. चारही चिनी बनावटीच्या!

आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घातली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह अनिवार्य झाले. हे स्वागतार्हच. परंतु भिंतीला जी शिस्त, बाहुलीला जी शिस्त, ती बालकाच्या तोंडात जाणाऱ्या खडूला निःसंदिग्धपणे का नको? ‘हे खेळणे नव्हे, लेखनसाहित्य आहे’ या पळवाटेला वावच का ठेवावा?

येथे स्वदेशीचा अर्थही नीट समजून घ्यावा लागेल. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईचा उद्योग आरंभला, त्यातून कॅम्लिन उभी राहिली; २०११ मध्ये तिची सूत्रे जपानी कंपनीकडे सोपविण्याचा करार झाला. नाव तेच राहते, मालकी बदलते. म्हणून केवळ नावावर विसंबणे ही स्वदेशी नव्हे. विषारी खडू चिनी असो वा गल्लीतल्या कारखान्यातला, बालकाच्या रक्ताला त्यात भेद कळत नाही.

तेव्हा पालकहो, घटकद्रव्ये, उत्पादनस्थळ आणि मानक चिन्ह नसलेली डबी दुकानदाराला परत करा. शाळांनी तोच नियम करावा. ग्राहकाने नकार द्यायला शिकल्यावाचून उत्पादक सुधारत नसतो!