२०३८ ची अडचण तुमच्या गृहकर्जात आजच कशी येऊ शकते?

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. भारतीय वेळेनुसार या क्षणी अनेक जुन्या संगणक प्रणालींमधला वेळेचा आकडा संपणार आहे. "त्याला अजून बराच वेळ आहे," असं वाटतंय? मग हे वाचाच.

नेमकं प्रकरण काय?
युनिक्स पद्धतीत १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, यावरून वेळ साठवतात. जुन्या रचनेत या आकड्याला ३२ बिट्सचीच जागा आहे. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातं.

डेटाबेसचा काय संबंध?
मायएसक्यूएलमध्ये तारीख आणि वेळ एकत्र ठेवायचे दोन प्रकार आहेत: टाइमस्टॅम्प आणि डेटटाइम. दिसायला सारखेच. पण टाइमस्टॅम्प २०३८ च्या त्या क्षणापर्यंतच चालतो, डेटटाइम ९९९९ सालापर्यंत. पोस्टग्रेसचा टाइमस्टॅम्प ६४ बिट्सचा असल्याने तिथे ही अडचण नाही.

मग चिंता आजच का?
आज २० वर्षांचं गृहकर्ज घेतलं, तर शेवटचा हप्ता २०३८ च्या पलीकडे जातो. 'आज अधिक २० वर्षं' हे गणित फंक्शन बरोबर करेल. पण उत्तर टाइमस्टॅम्पच्या रकान्यात भरलं, की सेटिंगनुसार एरर येईल किंवा तारखेच्या जागी नुसती शून्यं बसतील.

असं आधी घडलंय. एओएलसर्व्हर या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसच्या कामाला 'मुदतच नाही' हे सांगण्यासाठी १०० कोटी सेकंदांची मुदत टाकली जायची. मे २००६ मध्ये ही बेरीज २०३८ ची सीमा ओलांडून गेली आणि सर्व्हर कोसळू लागले.

रकाना बदलला की झालं?
इथेच मेख आहे. टाइमस्टॅम्प वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतो, डेटटाइम दिली तशीच ठेवतो. बदल करताना टाइमझोन चुकला, तर साडेपाच तासांचा घोळ होतो. १ एप्रिलला पहाटे २ वाजता भरलेला हप्ता ३१ मार्चचा दिसेल, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षातला!

वायटूके शांतपणे पार पडलं, कारण त्याची दुरुस्ती आधीच झाली होती. २०३८ चंही तसंच आहे. फक्त दुरुस्तीची मुदत जानेवारी २०३८ नाही. पुढची तारीख नोंदवणाऱ्यांसाठी ती कधीच सुरू झाली आहे.