कोणता कुडा?

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या एका वाचकाने दोन एकर शतावरी केली. मार्चमध्ये मुळ्या खणल्या, उकडल्या, सोलल्या, वाळवल्या. माल पोत्यांत भरून तयार असताना घेणाऱ्या कंपनीने उगमाचे प्रमाणपत्र मागितले. मागणी कायद्याला धरूनच आहे. जैवविविधता कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. तिने लागवडीच्या औषधी वनस्पतींना राज्य जैवविविधता मंडळाला कळवण्याच्या बंधनातून सूट दिली आणि सुटीला एक अट जोडली : उगमाचा दाखला गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून आणायचा. आमचे वाचक ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने विचारले, "कसली समिती?" तालुक्याला गेले, तिथून वनविभागाकडे धाडले. वनविभाग म्हणाला, शेतातल्या पिकाशी आमचा संबंध नाही, कृषी कार्यालयात जा. कृषी कार्यालयाने पुन्हा ग्रामपंचायत दाखवली. चौथ्या खेपेला कपाटातून एक फाइल निघाली. समिती होती! २०१९ च्या अखेरीस कागदावर स्थापन झालेली, अध्यक्ष आणि सहा सदस्य, नियमाप्रमाणे एक तृतीयांश महिला. त्या महिलांत दुसरे नाव आमच्या वाचकाच्या पत्नीचे होते. आपण इतकी वर्षे कोणत्या समितीवर आहोत, हे त्या बाईंना त्या दिवशी कळले.

दाखला अजून मिळालेला नाही आणि पाऊस तोंडावर आहे. वाळलेली शतावरी हवेतली ओल ओढते, नरमते, बुरशी धरते, आणि मग तिला कोणी हात लावत नाही. हा नुकसानीचा हिशोब कोणत्या कार्यालयात मांडायचा?

अशी पत्रे आता दर महिन्याला येऊ लागली आहेत. म्हणून या वेळी भावाचा, बियाण्याचा विषय बाजूला ठेवून याच गोष्टीवर लिहितो आहे.

या समित्या झाल्या कशा, ते आठवा. कायदा २००२ चा, नियम २००४ चे. प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमावी आणि समितीने गावकऱ्यांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही करावी, हे तेव्हापासून लिहिलेले आहे. पंधरा वर्षे बहुतेक ठिकाणी हालचाल नव्हती. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये राज्यांना बजावले, की ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पुरे करा, नाहीतर १ फेब्रुवारीपासून महिन्याला १० लाख रुपये भरा. आपल्या राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. जे काम एका गावात नीट करायचे तर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे वर्ष फिरून यावे लागते, ते काही महिन्यांत उरकले गेले. संस्थांना कामे वाटली, नमुना ठरला, रकाने भरले, वह्या बांधल्या. आदेश देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. ज्यांनी तो पार पाडला त्यांच्यापैकी फार थोड्यांनी गावातल्या एखाद्या म्हातारीजवळ तासभर बसण्याचे कष्ट घेतले.

गेल्या पावसाळ्यापासून मी जाईन तिथे नोंदवही मागतो. एका वहीत मधल्या पानावर शेजारच्या गावाचे नाव तसेच राहिले होते. घाटमाथ्यावरच्या एका गावाच्या वहीत 'स्थानिक वैदू व जाणकार' या रकान्यात 'निरंक' असे लिहिले होते. त्याच गावात हाड बसवणारे एक आजोबा आहेत, त्यांच्या ओट्यावर तीन तालुक्यांतली माणसे थांबलेली मी पाहिली. २००४ च्या नियमांत स्थानिक वैद्य आणि वैदूंची माहिती ठेवणे हे समितीचे काम म्हणून स्पष्ट सांगितले होते. निरंक! ज्या माणसाने हा शब्द लिहिला त्याने त्या गावात चौकशी केली नाही एवढाच याचा अर्थ.

आणि कुडा. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक वहीत 'कुडा, झाड, औषधी' अशी नोंद आहे. कोणता कुडा? पांढऱ्या कुड्याची साल कडूजहर, आव आणि अतिसारावर आपण देतो ती. काळ्या कुड्याची साल बाजारात तिच्यात मिसळली जाते, आणि गुण येत नाही म्हणून रोगी वैद्याला दोष देतो. शेंगा पाहिल्या तरी उलगडा होतो : पांढऱ्याच्या दोन शेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात. गुरे राखणाऱ्या पोराला हे माहीत असते. नोंदवहीला माहीत नाही. ब्राह्मी म्हणजे ओढ्याकाठची गोल पानांची की जाड, मऊ पानांची, पुनर्नवा म्हणजे घेटुळी की वसू, हाच घोळ पानोपानी.

पण नावापेक्षा मोठा दोष त्या 'औषधी' आणि 'खाद्य' या एका शब्दाच्या रकान्यात आहे. आता ज्येष्ठात ठाणे-पालघरच्या बाजारात शेवळं आली आहेत. वहीत ती 'कंद, खाद्य' अशी नोंदली आहेत. हे वाचून कोणी शेवळं रांधली तर घसा धरेल, जीभ सुजेल. कोंबाच्या आतला दाण्यादाण्यांचा पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलात चांगले परतायचे, आणि काकड या रानफळाच्या आंबट रसात शिजवायचे. विकणारी बाई शेवळाच्या जुडीबरोबर मूठभर काकडं देते ती यासाठी. ती मूठ म्हणजेच ज्ञान. कडू करांद्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकळून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा त्या पोटात घालण्याजोग्या होतात. बिब्ब्याचे शोधन विटकरीच्या चुऱ्यात घोळल्याशिवाय होत नाही. वनस्पतीचे नाव कोणत्याही पुस्तकात सापडेल. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कशाबरोबर, किती वेळ, हे माणसांच्या हातात असते आणि त्यांच्याबरोबर जाते.

याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच वाटतात. मका समुद्र ओलांडून युरोपात गेला, चुन्याची रीत मागे राहिली. मक्यावरच जगणाऱ्या स्पेन आणि इटलीतल्या गरिबांना पेलाग्रा हा रोग झाला, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतही हजारो माणसे त्याने गेली. ज्याच्या अभावी हा रोग होतो ते मक्यातले बांधलेले नायसिन चुन्याने मोकळे होते, हे विसाव्या शतकात कळले.

उलटे उदाहरण चीनचे. हिवतापावर औषध शोधणाऱ्या तू योयो यांच्या गटाने छिंगहाव या वनस्पतीचे अर्क काढले, पण गुण कधी येई, कधी न येई. चौथ्या शतकातल्या ग हाँग या वैद्याच्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली. तिच्यात काढा नव्हता. मूठभर पाला पाण्यात भिजत घालून, पिळून, तो रस प्यावा असे होते. आपण उकळतो आहोत, उष्णतेने गुण जातो आहे, हे त्यावरून त्यांच्या लक्षात आले. कमी तापमानाला उकळणारा ईथर घेऊन त्यांनी अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो उंदरांवर पूर्ण लागू पडला. त्या अर्कातल्या आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी तू योयो यांना २०१५ चे नोबेल मिळाले. ग हाँगने 'छिंगहाव, औषधी, ताप' एवढेच लिहून ठेवले असते तर? आपल्या वह्या नेमके तेवढेच लिहीत आहेत.

आता २०२३ च्या दुरुस्तीतला दुसरा शब्द पाहा, 'ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान'. ते वापरणाऱ्याला मंडळाला कळवण्याची अट नाही, त्यामुळे लाभवाटपाचा प्रश्नही उरत नाही. म्हणजे चरक-सुश्रुतात असलेले देशातल्या सर्वांना मोकळे. गावाचा हक्क उरला तो फक्त ग्रंथात नसलेल्या, वैदूच्या तोंडी असलेल्या माहितीवर. ती कुठेच नोंदलेली नसेल तर हक्क सांगणार कशाच्या आधारावर? हळदीचे अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले ते छापील आणि लिखित पुरावे हातात होते म्हणून. "आमची आजी लावायची" हे कोणी पुरावा म्हणून घेतले नव्हते.

केरळातल्या काणी लोकांना वाटा मिळाला, कारण १९८७ मध्ये रानात वाट दाखवताना आरोग्यपच्चाची फळे शास्त्रज्ञांना कोणी दिली हे ठाऊक होते. 'जीवनी' औषधाचे तंत्र १९९५ मध्ये कंपनीला दिले तेव्हा दहा लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के ठरले, त्यातला निम्मा भाग काणींचा. तेव्हा आपला कायदा आलाही नव्हता. नंतर पाने तोडण्यावरून वनखात्याने अडवणूक केली आणि गाडे रुतले, तीही शिकण्याची गोष्ट आहे : ज्ञानाचा हक्क आणि पानाचा हक्क दोन्ही एकदम मागावे लागतात. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क, दोन्ही दिले आहेत. ज्या गावांनी सामूहिक दावा अजून टाकलेला नाही त्यांनी उशीर कशासाठी चालवला आहे?

कार्यालयांना बोललो, आता आपल्या लोकांना बोलतो. वैदू मंडळींनो, सांगितले की गुण जातो, हे मी लहानपणापासून ऐकतो आहे. तुमची भीती मला समजते, कारण फसवणूक तुमची झाली आहे. पण तुमच्या मुलाने रिक्षा घेतली आहे, नातू पुण्यात आहे. कोणाला सांगणार आहात? पदवीधर वैद्यांनो, तुमच्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षात कुड्याची साल स्वतः काढली? दुकानातून आलेल्या पुडीवर विश्वास ठेवायचा आणि गुण आला नाही की मात्रा वाढवायची, ही आपली सवय झाली आहे. आणि उत्पादक बंधूंनो, सफेद मुसळीचा भाव पडला की तुमचे फोन येतात, ग्रामसभेला तुम्ही दिसत नाही. समितीवर कोण बसले हे पाहायला तुम्ही गेला असता, तर आज दाखल्यासाठी दारोदार फिरावे लागले नसते.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला दोन महिने आहेत. त्याआधी नोंदवहीची प्रत मागा, दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. प्रत घरी कपाटात ठेवू नका. चावडीवर, देवळात, जिथे जुनी माणसे बसतात तिथे मोठ्याने वाचा आणि विशेषतः बायकांना बोलवा, कारण रानभाज्यांचे सगळे त्यांच्याकडे आहे. चुकीच्या नोंदींची यादी करा. समितीत नाव असलेल्यांना ते सांगा आणि ज्यांना काम करायचे आहे त्यांची नावे ग्रामसभेत सुचवा. प्रयोज्य अंग, महिना, शोधन, अनुपान हे रकाने स्वतः आखा. जी कृती उघड करायची नाही ती वेगळ्या कागदावर, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून, पाकीट बंद करून समितीच्या ताब्यात द्या. वहीत फक्त 'नोंद स्वतंत्र' असे लिहा. आणि उगमाच्या दाखल्याचा ठराव त्याच सभेत मांडा : अर्ज कोणाकडे करायचा, किती दिवसांत निकाल, नाकारला तर लेखी कारण.

दुरुस्त केलेल्या पानांच्या छायाप्रती आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून त्या छापू, अडवणूक झाली असेल तर तीही छापू. सुरुवात शेवळापासून करा. ती अजून पंधरवडाभर मिळतील, काकडंही झाडावर आहेत. रांधणाऱ्या बाईशेजारी बसा आणि ती काय काय करते ते क्रमाने लिहून घ्या.