गिरणगावची पहिली तबकडी

कॉलेजातली मुले हल्ली मास्तरांनाच गाणी शिकवतात. तास सुटल्यावर एका विद्यार्थ्याने माझ्या कानात आपले यंत्र खुपसले आणि फर्मावले, "सर, मडी वॉटर्स ऐका. याला ब्लूज म्हणतात!"

ऐकले. गिटारची तार पिळवटून काढावी तसा आवाज, आणि त्यावर एका माणसाचे ठासून सांगणे. हा गृहस्थ १९४३ साली मिसिसिपीची शेते सोडून शिकागोला आला. दिवसा कारखान्यात राबायचा, रात्री गुत्त्यात वाजवायचा. तिथल्या कलकलाटात साधी गिटार ऐकू जाईना, तेव्हा त्याने विजेची घेतली. त्याची पहिली लाँग प्ले तबकडी निघाली १९५८ मध्ये, तीही आधीच्या सुट्या तबकड्यांतली गाणी वेचून.

आता वाचकहो, गाव सोडून कारखान्याच्या दारी आलेला माणूस म्हटला की मराठीच्या मास्तराला लालबाग-परळ आठवायचेच. आणि पहिली तबकडी म्हटली की आठवायचे ते १९६२ साली निघालेले नारायण सुर्वे यांचे पहिले पुस्तक, 'ऐसा गा मी ब्रह्म'.

हे पोर रस्त्यावर सापडलेले. गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणीत काम करणाऱ्या जोडप्याने ते उचलले, आपले नाव दिले. पुढे नारायणाने हॉटेलात पोऱ्या म्हणून काम केले, हमाली केली, गिरणीत राबला, शाळेत शिपाई झाला आणि मग शाळेतच मास्तर. पहिला संग्रह हाती आला तेव्हा वय पस्तिशी ओलांडलेले. म्हणजे पुस्तक पहिले, पण अनुभव काही पहिलटकराचा नव्हे.

ब्लूजची एक जुनी रीत आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. ही चौकट कुणा एकाच्या मालकीची नाही. आपला अभंगही तसाच, ज्याला सांगायचे आहे त्याने तो घ्यावा. सुर्व्यांनी शीर्षकाच्या कवितेत तोच घेतला. सूर संतांचा, आणि बोलणारा कोण? विश्वाचा आधार म्हणवणारा, पण हक्काच्या एका खोलीला महाग झालेला कामगार! आधी हसू येते, चटका नंतर बसतो.

काही रसिक म्हणतात, हा लाल बावट्याचा प्रचार. सुर्वे कम्युनिस्ट होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. पण त्यांची कविता पाहा. चाळीच्या नळावर शेजाऱ्याशी बोलावे तशी ती बोलते, मध्येच थांबते, चिमटा काढते. ब्लूजवालाही आपली गेलेली बायको आणि थकलेले भाडे यांचेच गाणे करतो. फरक एवढाच की ब्लूजमधला 'मी' बहुधा एकटा असतो. सुर्व्यांच्या 'मी'मागे अख्खी चाळ उभी असते.

ती चाळ आज कुठे आहे? १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना परतायला गिरणीच उरली नाही. फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे. अशा वेळी वर्गात ही कविता शिकवायची म्हणजे भोंगा न ऐकलेल्यांना भोंग्याची वेळ सांगण्यासारखे. यंदा एका मुलीने विचारलेच, "सर, एका खोलीसाठी इतकी लाचारी?"

मी खडू ठेवून उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्या आजोबांचा गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज अजून ट्रंकेत आहे. आजोबा गेले. सोडतीची वाट आता बाबा बघतात."

वर्ग गप्प झाला. टीप कसली द्यायची! मी तीच कविता पुन्हा मोठ्याने वाचली, आणि या खेपेला कुणी हसले नाही.

म्हणून मंडळी, दिवाळीच्या सुटीत फराळाचे ताट पुढे असताना हे पुस्तक काढा आणि घरातल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवा. मनातल्या मनात वाचू नका. गाणे काय, ही कविता काय, आवाजाशिवाय निम्मी राहते. आणि पोरांनी बदल्यात तुमच्या कानात त्यांचे ब्लूज घातले, तर नाही म्हणू नका.