घर घेताय? आधी आपला इंजिनिअर न्या

24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 जणांचा जीव गेला. इमारत जुनी नव्हती, हेच आम्हाला आजही खटकतं. कारण सक्तीची तपासणी आहे ती जुन्या इमारतींची. महापालिका हद्दीत 30 वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. नव्या घराला रेरा कायद्याच्या कलम 14 चा आधार आहे: ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. मधली 25 वर्षं मात्र आपलं आपणच बघायचं. रिसेलचा फ्लॅट बऱ्याचदा नेमका याच वयाचा असतो.

म्हणून टोकन देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. एजंटने सुचवलेला नको, आपण शोधलेला. तो रिबाउंड हॅमरने काँक्रीटची ताकद अजमावतो, भिंतीतली ओल मोजतो. नुसता फ्लॅट दाखवून भागत नाही. गच्ची, पाण्याची टाकी, तळमजल्याचे पिलरही दाखवा. पावसाळ्यात बघितलं तर उत्तम, उन्हाळ्यात ताज्या रंगाखाली ओल लपते. अहवाल लेखीच घ्या, भाव करताना कामाला येतो.

आपल्याकडे कितीतरी घरं आखातात राबून जमवलेल्या पैशातून घेतली जातात. भाऊ कुवेतमध्ये, इकडून त्याला व्हॉट्सॲपवर फरशीचे, किचनचे फोटो जातात. पिलरचा फोटो कुणीच पाठवत नाही.