जंताच्या गोळीला भ्यायचं का?

आमच्या बेंबळीच्या वस्तीत काही आया अजून म्हणतात, "नको ती गोळी, लेकराला मळमळतं." आम्हाला ही भीती पटत नाही. अल्बेंडाझोल रक्तात थोडंच उतरतं, बरंचसं आतड्यातच राहतं. तिथं ते जंताला साखर शोषू देत नाही. जंत उपाशी मरतो. पोटात जंत जास्त असले की मळमळ होते, बहुधा दिवसभरात थांबते. दोन वर्षांपुढे ४०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी, त्याआधी वर्षापुढच्या लेकराला अर्धी; तीन वर्षांखालच्यांना चुरून पाण्यातून, मोठ्यांनी चावून. आजारी लेकराला त्या दिवशी नको.

पण औषध एक-दोन दिवसांत अंगातून जातं, अंडी मातीत राहतात. म्हणून १० फेब्रुवारीला अंगणवाडीत गोळी घेऊ, आणि ग्रामसभेत संडासाला पाणी मागू.