वाचलेला वेळ कोणाच्या खात्यात?

शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार पार पडले, की कर्करोगाचा रुग्ण बरा झाला असे समजून समाज मोकळा होतो. रुग्णाला मात्र मोकळे होता येत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर अनेक स्त्रियांना पाच ते दहा वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. काखेतील गाठी काढल्यामुळे काहींचा हात सुजतो. तोंडाच्या कर्करोगानंतर जबडा आखडतो, घास गिळणे कठीण होते. शिवाय प्रत्येक तपासणीपूर्वी एकच भय असते: रोग परतला तर नसेल? उपचार संपताच रुग्ण व्यवस्थेच्या नजरेआड होतो, हे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ सालीच एका अहवालात मांडले होते.

आपल्याकडे या प्रश्नाला वर्गीय बाजू आहे. विदर्भातील शेतमजूर पुनर्तपासणीसाठी मुंबईस येतो, तेव्हा त्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. बुडालेल्या मजुरीची भरपाई कोणी देत नाही. दिवसभर रांगेत उभे राहून डॉक्टरांसमोर मिळतात ती थोडी मिनिटे. त्यात मनातील प्रश्न ओठांवर येईपर्यंत पुढच्याचे नाव पुकारले जाते. साहजिकच पुढच्या खेपेस तो येतच नाही, आणि त्याच्या गरिबीला निष्काळजीपणा म्हटले जाते.

यावर एक उपाय विचारार्ह आहे: सामूहिक वैद्यकीय भेट. आठ-दहा समदुःखी रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि व्यायामोपचारतज्ज्ञ दीड-दोन तास एकत्र बसतात. प्रत्येकाची शारीरिक तपासणी पडद्याआड स्वतंत्रपणे होते. प्रश्नोत्तरे मात्र सर्वांसमक्ष. एकीने विचारलेल्या शंकेचे उत्तर दहाजणींना मिळते. एडवर्ड नॉफसिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९९६ साली कॅलिफोर्नियात अशा भेटींची एक पद्धत रूढ केली. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या एक हजार रुग्णांवर तिचा प्रयोग झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सामूहिक भेटीतील रुग्णांचे समाधान, रोगाविषयीचे ज्ञान आणि औषधे घेण्यातील नियमितपणा अधिक आढळला. काचबिंदू म्हणजे कर्करोग नव्हे, हे खरे. पण दीर्घकाळ देखरेख लागणाऱ्या भारतीय रुग्णांना ही पद्धत परकी वाटत नाही, एवढे त्यातून दिसते.

येथे सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. कोणतीही उत्पादकता वाढली, की वाढलेले फळ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न अर्थशास्त्रात अटळ असतो. गिरणीत नवे यंत्र आले, तेव्हा कामगाराने तोच विचारला होता. सामूहिक भेटीत डॉक्टरांचा जो वेळ वाचेल, तो रुग्णाला परत मिळणार, की त्या आधारे शासन रिक्त पदे रिक्तच ठेवणार? दुसरे घडले, तर ही गरिबांची घाऊक बोळवण ठरेल. म्हणून काही अटी निक्षून मांडल्या पाहिजेत. सहभाग ऐच्छिक असावा. स्त्रियांच्या भेटी वेगळ्या असाव्यात. गटातील गोष्ट गटाबाहेर जाऊ नये. रोग उलटल्याची शंका येताच रुग्णाला त्याच दिवशी स्वतंत्र भेट मिळावी.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. ती केंद्रे केवळ सलाईन लावण्याची ठिकाणे ठरू नयेत. महिन्यातून ठरावीक दिवशी तेथे सामूहिक भेट झाली, तर जिल्ह्याबाहेरच्या अनेक खेपा टळतील. ही मागणी जिल्हा पातळीवर लावून धरणे आणि उपचार संपलेल्या रुग्णांना एकत्र आणणे, ही दोन्ही कामे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातील आहेत.

शेजारच्या बाकावरची बाई सुजलेल्या हाताने भाकरी कशी थापते, हे कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडत नाही. एकाच्या दुःखातून आलेले शहाणपण दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, यासाठीच तर माणसे संघटित होतात.